सहा फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीला लाईट कुठली घ्यावी? डोकं चालेना झालंय

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गोड्या पाण्याचा नाद दहा-बारा वर्षांचा आहे, आधी गप्पी, मग एंजल, मग चार फुटी प्लांटेड, म्हणजे जिवंत पाणवनस्पतींची टाकी केली ती अजून चालू आहे. आता नवीन घर झालं, तळमजल्यावर हॉलची एक अख्खी भिंत मी टाकीसाठी राखून ठेवली (त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं, सोडा) आणि खाऱ्या पाण्याची कोरलवाली, म्हणजे प्रवाळांची टाकी करायचीच असं ठरवलं. लांबी 6 फूट, रुंदी अडीच फूट, उंची 2 फूट, काच 12 एमएम, म्हणजे काठोकाठ भरली तर 850 लिटर होतंय. खाली लोखंडी स्टँड आणि त्यात संप, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी. पाणी भरून आठ दिवस ठेवून बघितली, एक थेंब गळली नाही. सगळं जमलं, गाडी अडलीय ती लाईटवर.

एक दुकानदार म्हणतो 400 वॅटचे तीन मेटल हॅलाईड दिवे लावा, समुद्र घरात येईल. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो टी-फाईव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाईटशिवाय कोरल टिकत नाही. ऑनलाईन बघावं तर काळ्या डब्यासारख्या चायना एलईडी स्वस्तात दिसतात, आणि रेडियॉन, हायड्रा, केसिल ही भारीतल्या लाईटची नावं उघडून बघितली तर एका नगात सेकंडहँड स्प्लेंडर येईल. माझं लाईटचं बजेट साठ-सत्तर हजार, लई ताणलं तर लाख.

मला ती झाडागत फांद्या फुटलेली ॲक्रोपोरा हवीय, निळ्या-जांभळ्या शेंड्यांची. प्लांटेड टाकीवरची 6500 केल्व्हिनची लाईट पडून आहे ती चालेल का? हॉलला पश्चिमेची खिडकी आहे, दुपारनंतर ऊन थेट टाकीवर येतं, त्याचा उपयोग होईल का? आणि मालवणला आमचे एक पाहुणे आहेत, ते म्हणतात दगड पाहिजे तेवढे आणून देतो, बोटीवर ओळख आहे. आणू का?

लाईटबिलाचंही सांगा. घरच्या मंडळींनी तो प्रश्न आधीच विचारलाय.

खारट_काका, सातारा

या, स्वागत आहे. नऊ वर्षं झाली मला या खाऱ्या पाण्यात, केस त्यातच पांढरे झाले.

लाईट सगळ्यात शेवटी घ्यायची, आधी टाकीत काय राहणार ते ठरवायचं, कारण लाईट टाकीची नसते, आतल्या जिवाची असते. आणि तुम्ही लिहिलंय ॲक्रोपोरा. तिथंच थांबा. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 साली सगळी कडक सांगाड्याची कोरलं घातली, म्हणजे ज्याला शास्त्रात स्क्लेरॅक्टिनिया म्हणतात ती सरसकट. ॲक्रोपोरा आली, मोंटीपोरा आली, हॅमर, टॉर्च, ब्रेन ही पण आली. त्याच्याबरोबर काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाईप, समुद्रपंखे, आणि जायंट क्लॅमच्या दोन जाती. पहिलं परिशिष्ट म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते. ऑनलाईन कोण विकतंय आणि कोण फोटो टाकतंय ते बघू नका, उद्या दारात फॉरेस्टची गाडी आली की विकणाऱ्याचा फोन लागत नसतो.

मालवणच्या दगडांचं तर नावच काढू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तो पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तो दगड म्हणजे मेलेलं कोरलच असतं, मेलेलं असलं म्हणून कायद्यातनं सुटत नाही. पाहुण्यांना सांगा, दगड नको, आलाच तर सोलकढीचे आमसूल आणा. कोरल बघायची हौस असेल तर हिवाळ्यात मालवणला जाऊन स्नॉर्कलिंग करून या, मी दोनदा केलंय. टाकीला सिरॅमिकचा नाहीतर सिमेंट-शिंपल्याचा घडवलेला दगड वापरा, चार-सहा महिन्यांत त्याच्यावर गुलाबी थर चढला की कोण ओळखत नाही.

मग उरलं काय? भरपूर उरलं. लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटन, सिन्युलारिया. झोआ, छोट्या फुलांच्या गालिच्यागत पसरणारी. मशरूम, हे पण कोरलच. झेनिया, ती मूठ उघडझाप करणारी. ही त्या यादीत नाहीत. तरी बिल मागा, बाहेरून आलेलं असेल तर आयातीचे कागद मागा, कागद नाही म्हणाला तर दुकानातनं बाहेर या.

आणि आता मजा बघा, तुमचा लाईटचा प्रश्न इथं निम्मा सुटला. ॲक्रोपोराला 250-300 पारच्या पुढं लागतो. लेदरला 100 ते 150 मध्ये सुखानं जमतं, झोआंना 80-100, आणि मशरूमला 50 मिळाला तरी तो खूष, जास्त दिला तर रुसतो. म्हणजे दुकानदाराचे ते तीन हॅलाईड कुणासाठी? दुकानदारासाठी.

डबेवाला_जयसिंगपूर

काकांनी सगळं बोलून टाकलं, आमच्यासाठी काय ठेवलंच नाही 😄

भावा मी चार फुटीला दोन काळे डबे लावलेत, तीन वर्षं झाली, झोआंची चटई झालीय नुसती. डब्यावर लिहिलंय 165 वॅट, ते 55 दिवे गुणिले 3 वॅट असं केलेलं असतं, प्लगमध्ये मीटर लावून बघितलं तर फुल्लवर 115 ओढतोय. म्हणजे खोटं बोलतात पण बिलाला बरंच की. दोन चॅनल असतात, एक निळा एक पांढरा, दोन्हीला वेगळी बटणं. मी निळा साठवर आणि पांढरा वीसवर ठेवतो. दोन वर्षांत एक पंखा गेला, कॉम्प्युटरच्या दुकानातनं तसलाच आणून बसवला, कोणाची वॉरंटी नको का काय नको. भारीतल्या लाईटचा बोर्ड गेला तर तो कुठं दुरुस्त करणार तुम्ही सांगलीत?

फक्त एक, डब्याला मोबाईल ॲप, सूर्योदय, ढग, वीज असलं काय नसतं. एक टायमर निळ्याला, एक पांढऱ्याला. ढग बघायचे असतील तर गच्चीवर जायचं.

विश्रामबागकर, सांगली

काका, मन खट्टू झालं पण बरं झालं आधी कळलं. खरं सांगतो, कायद्याचं कुणीच बोललं नव्हतं, दुकानदार तर अजिबात नाही. रात्री घरात लेदर आणि झोआंचे व्हिडिओ दाखवले, मुलगी म्हणाली झेनियाच पाहिजे, ती हात हलवते. ठरलं मग.

आता अडाण्यासारखं विचारतो, पार म्हणजे नक्की काय? मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप आहे, त्यानं चालेल का? आणि सगळे निळी निळी का करतात, हॉलमध्ये डान्सबार वाटेल अशी भीती आहे.

मिरजेचे_मास्तर

डान्सबार वाटणार, त्याला इलाज नाही. आमच्याकडे शेजारचे काका एकदा काळजीनं विचारून गेले होते.

पार म्हणजे काय ते सांगतो, तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय, सवय जात नाही. कोरल हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात, झूझँथेली म्हणतात त्यांना, ती उजेडावर साखर बनवतात आणि त्यातला मोठा वाटा मालकाला भाडं म्हणून देतात. म्हणजे तुम्ही टाकीत खरं तर शेती करताय. त्या शैवालाला 400 ते 700 नॅनोमीटरमधला उजेड उपयोगी, त्या पट्ट्यातले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडले ते मायक्रोमोलमध्ये मोजायचं, तो पार. भर दुपारी उघड्यावर साधारण 2000 येतो. वॅट म्हणजे तुम्ही महावितरणकडनं किती घेतलं ते, पार म्हणजे कोरलच्या पदरात किती पडलं ते. मधल्या मध्ये लेन्स, उंची, काचेचं झाकण, पाण्यातला गढूळपणा हे सगळे आपापलं कमिशन कापून घेतात.

लक्स ही माणसाच्या डोळ्याची मोजणी. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला फार मान देतो, निळ्याला किंमतच देत नाही. उन्हात 54 लक्सला एक पार असा हिशोब बसतो, पण तोच आकडा निळ्या एलईडीला लावला की सपशेल फसतो. मी फसलोय. फोन काचेला टेकवून बघितलं, ॲप म्हणालं उजेड कमी, म्हणून लाईट वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि पंधरा दिवसांत माझे लाल मशरूम आकसून शर्टाच्या बटणाएवढे झाले, रंग उडून फिकट गुलाबी. ॲप तेव्हाही कमीच म्हणत होतं. तेव्हा खरा पार मीटर पाहिजे, पाण्यात बुडणाऱ्या सेन्सरचा. अपोजी कंपनीचा चांगला, पण घेताना फुल स्पेक्ट्रमवाला बघावा, जुन्या मॉडेलला एलईडीचा निळा नीट दिसत नाही. विकत घेऊ नका, काका सातारकरांकडे आहे, त्यांना चहाला बोलवा.

निळ्याचं कारण समुद्रात आहे. पाणी तांबडा उजेड पहिल्या काही मीटरमध्येच गिळतं, निळा खोलवर जातो, म्हणून या शैवालांनी आपला संसार निळ्यावर मांडला. 420 ते 480 च्या आसपासचा उजेड त्यांच्या कामाचा. दुसरं म्हणजे निळ्याखाली झोआ चमकतात, ती चमक त्यांच्या अंगातल्या प्रथिनांची. असलंच एक हिरवं प्रथिन शिमोमुरांनी 1962 मध्ये जेलीफिशमधनं वेगळं काढलं आणि 2008 ला त्या कामात त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि हा निळा एलईडी करणाऱ्या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये दोन नोबेलं लागणार आहेत, शेजाऱ्यांना असं सांगायचं.

6500 ची प्लांटेड लाईट चालेल का, तर जगतील, मरणार नाहीत, पण सगळं पिवळट-तपकिरी दिसेल आणि काचेवरचं शेवाळ तुमच्यापेक्षा आनंदात राहील. ती गोड्या पाण्यालाच ठेवा.

कुपवाडचा_वायरमन

मास्तरांनी नोबेल सांगितलं, मी युनिट सांगतो.

400 चे तीन हॅलाईड म्हणजे 1200, वर चोकचे धरून 1300 वॅट. आठ तास चालवले तर दिवसाला 10 युनिट, महिन्याला 310 च्या वर, नुसती लाईट. घरातलं बाकीचं वर वेगळं. म्हणजे सरळ 300 च्या पुढच्या स्लॅबात गेलाच, कधी कधी 500 च्या पण. शिवाय ते हॅलाईड पाण्याला तापवणार, मग चिलर जास्त पळणार, त्याचे युनिट परत वेगळे. काळे डबे तीन, फुल्लवर 345 वॅट, नऊ तासाला 3 युनिट, महिन्याला 93. आन काका म्हणतात ती कोरलं ठेवणार असाल तर फुल्ल लागतच न्हाई, निम्म्यावर चाललं तर 45-50 युनिटात विषय मिटला. मंडळींना हा आकडा दाखवा.

आता कामाचं. तुमचं नवीन घर आहे म्हणजे हॉलला पीओपी असणार. लाईट त्या पीओपीला लटकवायची न्हाई. माझ्या हातनं झालेली चूक सांगतो, एका गिऱ्हाईकाची लाईट मी घाईत पीओपीतल्या पट्टीला आवळली, म्हटलं दोन किलो तर वजन. चौथ्या महिन्यात रात्री पट्टी सुटली आन लाईट थेट पाण्यात. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, होता म्हणून लगेच ट्रिप झाला, पाण्यात हात घातलेला असता कुणी तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. आता पीओपीला भोक पाडून वर स्लॅबलाच अँकर फास्टनर मारतो, नाहीतर स्टँडवरनंच चौकोनी पाईपची कमान काढतो, टाकीच्या वर आडवा पाईप, त्याला लाईट सरकवता येते. सहा फुटाला कमान बरी, पुढं मागं करायला मोकळीक राहते.

30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाकीच्या लाईनला वेगळा बसवा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरवरनं आलेलं पाणी झोळावरनं खाली टिपकतं, बोर्डात शिरत न्हाई. बोर्ड टाकीच्या बाजूला घ्या, खाली संपाजवळ न्हाई. मिठाचं पाणी हाय ओ हे, महिन्याभरात पितळ हिरवं होतं. आन व्होल्टेज आपल्याकडं कधी कसं येईल सांगता येत न्हाई, एलईडीच्या ड्रायव्हरला स्टॅबिलायझर लावा.

लाईट जाते त्याचं पण बघा. म्हणजे वरची लाईट न्हाई, तारेतली लाईट. कोरलला चार तास अंधार झाला तर काय बिघडत न्हाई, पण पंप बंद पडला की मासे गुदमरतात. इन्व्हर्टरवर पंप घ्या, लाईट घेऊ नका.

विश्रामबागकर, सांगली

दादा, पीओपीच आहे. कमान करतो. तुमचा नंबर मेसेजमध्ये द्या.

काचेतला_समुद्र, गावभाग सांगली

मी जरा उशिरा आले. माझी टाकी पाच फुटी आहे, सहावं वर्ष, तीन एलईडी, मधल्या किमतीतल्या. बाकीच्यांनी सांगितलं ते परत सांगत नाही, फक्त जे कुणी बोललं नाही तेवढं.

लाईट आणली त्या दिवशी सगळे पूर्ण लावतात, कारण पैसे मोजलेले असतात ना, मग वसूल झालेले दिसले पाहिजेत. मीही केलं. जुन्या मंद ट्यूबखाली माझं एक टोडस्टूल लेदर वाढलं होतं, हाताच्या पंजाएवढं, वर सगळी बोटं पसरलेली. नवीन एलईडी 80 टक्क्यांवर लावली. तिसऱ्या दिवशी बोटं आत गेली, आठवड्यात कडेनं पांढरट झालं. शैवालं सोडून गेली म्हणजे ब्लीच झालं. वाचलं ते, पण पूर्ववत व्हायला पाच महिने लागले. आता कुठलंही नवीन कोरल आलं की खाली वाळूवर, सावलीत, आणि नवीन लाईट आली की 20-25 टक्क्यांपासून सुरू, दर आठवड्याला पाच टक्के वर, असं दीड-दोन महिने. घाई केली तर कोरल सांगत नाही, एकदम दाखवतं.

पण याच्या उलटंही एक आहे, ते माहीत नसलं की माणूस घाबरतो. लेदर अधूनमधून आपोआप बंद होतं, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा येतो, चार-आठ दिवस मेल्यासारखं पडून राहतं, मग पापुद्रा झडतो आणि आधीपेक्षा मोठं उघडतं. कात टाकल्यासारखं. त्यात लाईट कमीजास्त करत बसू नका. पांढरं पडलं तर लाईट, पापुद्रा आला तर कात, एवढं ओळखायला शिका. आणि उजेड कमी पडला तर देठ लांब करून वर मान काढतात, झोआंचं तर स्पष्ट दिसतं, बुटक्या गालिच्याऐवजी लांब दांड्यांचा गुच्छ होतो.

झोआ हाताळताना हातमोजे घाला हं, काहींमध्ये जबरदस्त विष असतं, कापताना चिळकांडी डोळ्यात गेली तर दवाखाना ठरलेला. मुलगी लहान असेल तर हे आधी तिला सांगा.

पश्चिमेची खिडकी बंद. पडदा लावा, जाड. ऊन फुकट आहे पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळीस डिग्री असताना ते ऊन 850 लिटर पाण्याला दुपारभर तापवणार, पाणी 26-27 च्या आसपास ठेवायचंय तुम्हाला. मी उन्हाळ्यात पाण्यावर आडवे पंखे लावते, आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, बाष्पीभवनानं दोन-तीन डिग्री सहज उतरतात, पण टाकीत रोज दहा-बारा लिटर आरओचं पाणी घालावं लागतं. फक्त आरओचंच हां, मिठाचं नाही, मिठाची वाफ होत नाही. पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा उपयोग शून्य, तेव्हा गरमही नसतं म्हणून निभतं. हॅलाईड लावला असता तर हे सगळं गणित कोलमडलं असतं.

आणि एक, तुमची रुंदी अडीच फूट आहे. साधारण एक एलईडी दोन बाय दोन फुटाला पुरते. लांबीला तीन बसतील पण पुढची-मागची मिळून सहा इंचाची पट्टी अंधुक राहणार. दोन रांगा लावायच्या भानगडीत पडू नका. दगड मधोमध रचा, बेटासारखा, माथ्यावर लेदर, उतारावर झोआ, आणि कोपऱ्यात वाळूवर मशरूम. अंधारा कोपरा हा दोष नाही, मशरूमचं घर आहे ते.

डबेवाला_जयसिंगपूर

ताई एक नंबर. कोपऱ्याचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन झोआ वाचल्या असत्या.

मावसभावाच्या टी-फाईव्हचं राहिलं काय?

खारट_काका, सातारा

टी-फाईव्हला नावं ठेवायची नाहीत, माझी पहिली पाच वर्षं त्यावरच गेली. उजेड सगळीकडं सारखा पडतो, सावली नाही, ठिपके नाहीत, कोरल सगळ्या बाजूनं रंगतं. पण सहा फुटी ट्यूब मिळत नाही, एकतर पाच फुटी 80 वॅटची घ्या नाहीतर तीन फुटी 39 वॅटच्या दोन-दोन लायनीत लावा. आणि ब्लू प्लस, कोरल प्लस असल्या ट्यूबा बाहेरून येणार, वर्षाला बदलायच्या कारण दिसायला उजेड तेवढाच असला तरी पार उतरलेला असतो. एका वर्षी माझ्या आठ ट्यूबांच्या बॉक्समधल्या तीन फुटून आल्या, कुरिअरवाल्यानं सही घेतली आणि गेला. त्या रात्री ठरवलं, एलईडी. पुण्यामुंबईत असता तर हायब्रिड करा म्हणालो असतो, चारी बाजूला ट्यूब आणि मध्ये एलईडी. साताऱ्या-सांगलीला जी वस्तू उद्या बदलून मिळत नाही ती टाकीवर टांगायची नाही, हा माझा नियम.

माझं म्हणणं असं. तीन एलईडी, काळे डबे घ्या नाहीतर मधल्या किमतीतल्या घ्या, पण तिन्ही एकाच जातीच्या, लेन्स 90 ते 120 अंशाच्या. पाण्यापासून 10-12 इंच वर. लाख घालवू नका, उरलेल्या पैशात चांगला स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसातनं काढणारं यंत्र, घ्या. आणि आत्ता लगेच मागवूच नका. टाकी भरल्यावर चार-सहा आठवडे सायकल चालणार, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होणार, अमोनिया चढणार, नायट्राईट चढणार, उतरणार, तेवढ्या काळात अंधारच बरा, उजेड दिला तर फक्त शेवाळ माजेल. पहिलं कोरल यायच्या आधी आठ दिवस लाईट आली तरी वेळेत आली.

पार मीटर घेऊन मी येतो. भडंग तयार ठेवा.

विश्रामबागकर, सांगली

सगळ्यांचे आभार. मावसभावाला हा धागा पाठवला, तो अजून बोललेला नाही.

*तीन महिन्यांनी*

विश्रामबागकर, सांगली

धागा वर काढतोय, कारण काका काल खरंच आले होते, पार मीटर घेऊन, पहाटे साताऱ्याहून निघून नऊला हजर.

काय काय केलं ते सांगतो. कुपवाडच्या दादांनी चौकोनी पाईपची कमान करून दिली, आरसीसीबी वेगळा, वायरींना झोळ. काळे डबे तीन घेतले, पाण्यापासून 11 इंचावर. खिडकीला जाड पडदा, मंडळींनीच शिवला. सायकलला साडेपाच आठवडे लागले. दगड मधे बेटासारखा. दोन लेदर, चार झोआंचे तुकडे, मशरूम सहा, आणि झेनिया एक, मुलीच्या नावाची. सगळं बिलासकट. निळा 25 पासून चढवत आता 45 वर आलोय, पांढरा 15. नऊ तास. महिन्याला लाईटचे म्हणून साधारण 40 युनिट वाढलेले दिसतायत, घरात त्यावर चर्चा नाही.

काकांनी शर्टाच्या बाह्या वर करून सेन्सर काठीला बांधला आणि मुलीला वही-पेन घेऊन बसवलं. दगडाच्या माथ्यावर 96. उतारावर 80. वाळूवर मध्यभागी 58, पुढच्या उजव्या कोपऱ्यात 31. मी म्हटलं माथ्यावर कमी आहे काका, पाच टक्के वाढवू का, लेदरही जरा मान लांब करतंय. काका काही बोलले नाहीत. स्टुलावर चढले, डब्याच्या खालच्या काचेवरनं बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. पांढरं. मीठ. बुडबुडे फुटून उडालेल्या पाण्याचं, दीड महिन्याचं, पिठासारखं बसलेलं. लाईट बंद करून आरओच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं तिन्ही काचा पुसल्या, कोरड्या केल्या, परत लावल्या, सेन्सर त्याच जागी धरला.

118.

मुलीनं वहीत 96 वर काट मारून 118 लिहिलं आणि पुढं लिहिलं, दर रविवारी पप्पा.

कोपऱ्यात 31 वरनं 37 झालं, तिथले मशरूम आधीपासूनच निवांत आहेत, ताई म्हणाल्या तसंच. आता प्रश्न एवढाच की हे मीठ उडू नये म्हणून रिटर्न पाईपचं, म्हणजे संपातनं पाणी परत वर आणणाऱ्या पाईपचं, तोंड पाण्याखाली घ्यावं का पाण्याच्या पातळीलाच ठेवावं? खाली घेतलं तर लाईट गेल्यावर सायफन होऊन संप भरून हॉलमध्ये येईल असं डबेवाले म्हणत होते.

कुपवाडचा_वायरमन

खालीच घ्या, पण पाईपला पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली एक बारीक भोक पाडा. लाईट गेली की पातळी उतरंल, भोक उघडं पडंल, हवा शिरली की सायफन तुटतो. आन ते भोक पण रविवारी फडक्याबरोबर बघत जावा, त्यात पण मीठ आन शेवाळ बसतं.

डबेवाला_जयसिंगपूर

भोक पाडल्यावर पंप मुद्दाम बंद करून एकदा बघा संप किती भरतोय. मी नव्हतं बघितलं. आमच्या हॉलची फरशी अजून एका कोपऱ्यात पांढरी आहे.

खारट_काका, सातारा

भडंग चांगलं होतं. लेदरची मान आठ दिवसांत खाली आली नाही तरच पाच टक्के वाढवा, आत्ता हात लावू नका.